न सांगितलेले चाळीस दिवस

माझी मुलगी बंगळूरला मेंदूच्या एका प्रयोगशाळेत शिकते. नेमकं काय करते हे मला बरीच वर्षं नीट कळलं नव्हतं. शेजारणींनी विचारलं की ‘कॉम्प्युटरचंच काहीतरी’ असं सांगून मी मोकळी होत असे. गेल्या श्रावणात तिनं फोनवर समजावून सांगितलं. डिप्रेशनचे म्हणे दोन प्रकार असतात. एकात माणूस नुसताच खाली जातो. दुसऱ्यात तो कधी खाली जातो आणि कधी नको इतका वर जातो. खाली असताना दोघं अगदी एकसारखे दिसतात, पण औषधं वेगळी लागतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर घात होऊ शकतो. म्हणून हे लोक माणसाला एमआरआयच्या यंत्रात झोपवतात, हसरे-रडके चेहरे दाखवतात, आणि मेंदूचा कुठला भाग कसा जागा होतो यावरून हा कुठल्या प्रकारातला ते ओळखता येईल का, हे बघतात. अजून खात्रीनं ओळखता येत नाही, प्रयत्न चालू आहेत, असं म्हणाली.

मी म्हटलं, "त्याला एवढं यंत्र कशाला? घरच्यांना विचारायचं, हा कधी फार वर गेला होता का म्हणून."

ती हसली. "आई, तिथंच तर अडतं. खाली गेलेल्या माणसाला आपले वरचे दिवस आठवत नाहीत, आठवले तरी तो त्यांना आजार म्हणत नाही. आणि घरचे सांगत नाहीत." मग म्हणाली, "आम्हाला माणसं हवी आहेत. मामा इतकी वर्षं यावरच्या गोळ्या घेतोय. त्याला विचारशील का, येतो का म्हणून?"

मी गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं.

घरचे सांगत नाहीत, हे ती सहज बोलून गेली. त्या घरच्यांपैकीच एकीशी आपण बोलतोय हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या बापालाही मी हे कधी सांगितलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत तीस वर्षं काढली. पण मूठ इतकी वर्षं आवळून धरली की हातच दुखायला लागतो.

मी तंजावूरची. राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांमधली. आमचे पूर्वज मराठा राजांबरोबर खाली दक्षिणेत गेले आणि तिथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. ही मराठी म्हणजे पुण्याची नव्हे. लग्नानंतर काही वर्षांनी नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याला आलो, तेव्हा मी तोंड उघडलं की लोक विचारत, तुम्ही ऐतिहासिक नाटकात काम करता का. बोलायला अशी भारदस्त, पण वाचता मात्र आमच्यातल्या फार थोड्यांना येई. शाळेत आम्ही तमिळ आणि इंग्रजी शिकलो. देवनागरी आमच्या लेखी लग्नपत्रिकेवरच्या वेलबुट्टीसारखी होती.

या घरच्या मराठीचा आम्हाला एक मोठा उपयोग होता. चारचौघांत काही लपवायचं असलं की आम्ही मराठीत शिरायचो. कापडाच्या दुकानात मालाला नाव ठेवायचं असो की बसमध्ये पुढच्या बाईच्या वेणीबद्दल बोलायचं असो. ती बाई ऐकत बसलेली, आणि आम्ही तिच्या देखत तिचीच थट्टा करतोय. लहानपणापासूनची सवय ही. आमच्यातले शहाणेसुरतेही असंच करत, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही येत नसे.

घरात आम्ही तिघं. आई, मी, आणि माझ्याहून सहा वर्षांनी मोठा भाऊ. त्याला मी अण्णा म्हणते. वडील लवकर गेले. अण्णा शाळेत गणित शिकवायचा आणि मी हॉस्पिटलच्या रस्त्यावर नव्यानं उघडलेल्या एका स्कॅन सेंटरमध्ये रिपोर्ट टाइप करायची. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडी बूथ आले होते, गच्च्यांवर केबलच्या वायरी लोंबत होत्या, आणि आमच्या सेंटरची गावात फार मिजास होती. एसी खोली, चपला बाहेर काढायच्या, आत ते गोल भोकाचं यंत्र. पापनाशमहून, तिरुवैयारुहून लोक यायचे आणि देवळात शिरावं तसे हात जोडून आत शिरायचे. मी टाइपरायटरमागून त्यांच्याकडे अशी बघायची, जणू यंत्र मीच घडवलंय. रिपोर्टातली वाक्यं ठरलेली असत. ‘मेंदूत कुठलाही दोष आढळला नाही’, हे वाक्य मी इंग्रजीत इतक्या वेळा टाइप केलं असेल की बोटं आपोआप चालत.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत अण्णा वर गेला. तेव्हा आम्ही असं म्हटलं नाही. अण्णानं मनावर घेतलंय, असं म्हटलं.

मुळात तो बोलका माणूस नव्हे. चालतानाही पावलं मोजून टाकल्यासारखा चालायचा. त्या एप्रिलात एके दिवशी तो हातगाडीवरून चाळीस पाट्या घेऊन आला. म्हणाला, आपल्या मुलांना आपली लिपी वाचता येत नाही ही केवढी नामुष्की, सुट्टी संपायच्या आत गल्लीतल्या प्रत्येक पोराला अक्षरं आली पाहिजेत. पहाटे चारपासून तो दारोदार जाऊन पोरांना उठवायचा. घरापुढच्या ओट्यावर, आमच्या तिन्नैवर, वर्ग भरायचा. सकाळी एक, भर उन्हात दुसरा, दिवेलागणीला तिसरा. स्वतः दोन तास झोपला तरी खूप. डोळे चमकत, एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू होई. आणि शिकवायचा तरी कसा! अक्षर म्हणजे भूमितीच आहे, म्हणायचा. एक उभी रेघ, एक आडवी रेघ, राहिलं ते तुमचं डोकं. त्याला हसताना मी इतकं कधीच पाहिलं नव्हतं. मी चोवीस वर्षांची घोडी पोरांच्या मागे बसून शिकले. तीन आठवड्यांत वाचायला लागले. आज मी हे लिहिते आहे ते त्याच अक्षरांनी.

गल्ली खूष होती. म्हातारी माणसं त्याला बोलावून पानात लाडू वाढत. आईच्या चालण्यात ऐट आली. माझ्याही आली.

शेवटच्या आठवड्यात मात्र त्याचं भान सुटलं. लोकांना न विचारता त्यानं त्यांच्या दारांवर चुन्यानं अक्षरं काढली. बसस्टँडवर उभं राहून तमिळ उतारूंना ‘अ आ इ ई’ म्हणायला लावलं, तेव्हा दोन पोलिसांनी त्याला दंडाला धरून घरी आणून सोडलं. आणि एका सकाळी कॉफी पिता पिता तो आईला शांतपणे म्हणाला, "मला राजांची आज्ञा झाली अहे." राजे म्हणजे राजवाड्यातले, केव्हाच होऊन गेलेले. आईनं मीठमिरच्यांनी दृष्ट काढली. मी शेजारी सांगितलं, ऊन लागलंय. मग शाळा उघडली, आणि ताप उतरावा तसा तो हळूहळू उतरला. आम्ही त्याबद्दल घरातही पुन्हा बोललो नाही. उरलेल्या पाट्यांपैकी एक आई पाण्याच्या घागरीवर झाकण म्हणून ठेवू लागली.

अइप्पशी महिना आला, आमच्याकडचा पावसाचा. अण्णा खाली गेला तो त्या महिन्यात. आधी आंघोळ सुटली, मग शाळा. भिंतीशी बसून राहायचा. त्या भिंतीवर सोलापूरहून टपालानं येणारं मराठी पंचांग टांगलेलं असे. वडिलांनी लावलेली वर्गणी त्यानं चालू ठेवली होती. त्याच्या डोक्यावर पंचांग आणि पुढ्यात दहीभात. दहीभात वाळून जायचा. एकदा गल्लीतलं पोर उदाहरण विचारायला आलं, तर म्हणाला, "मला गणित येत नाहीं रे." ते ऐकून आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी रडले नाही. मला राग आला होता, कारण त्याच महिन्यात मामानं माझ्यासाठी स्थळ आणलं होतं.

मामा, म्हणजे आईचा भाऊ, कुंभकोणमला असे. त्यानं बंगळूरचं मराठी घर काढलं होतं. मुलगा नोकरीला, दिसायला बरा, पत्रिका जुळलेली. आमच्यातली घरं मोजकी. कुंभकोणमला कुणी शिंकलं की बंगळूरला कळतं. तिथं उदास माणसाच्या बहिणीचं लग्न एक वेळ होतं, वेड्याच्या बहिणीचं होत नाही. मला ते लग्न हवं होतं. मला तंजावूरमधून बाहेर पडायचं होतं. कुणी माझा हात धरून खोटं बोलायला लावलं असा कांगावा मी करणार नाही.

आम्ही अण्णाला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तमिळ होते, मध्यम वयाचे, हळू बोलणारे. झोप, भूक, जिवाचं बरंवाईट करायचे विचार, सगळं विचारलं. अण्णा मान हलवायचा, तोंड उघडायचा नाही. उत्तरं मी देत होते. मग डॉक्टरांनी पेन टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "याच्या उलट कधी झालं होतं का? म्हणजे झोप नको, थकवा नाही, सारखं बोलणं, मोठमोठे बेत, देवानं किंवा कुणी मोठ्या माणसानं आपल्याला काम सांगितलंय असं वाटणं? नीट आठवून सांगा."

आई तोंडावरची रेघ न हलवता मराठीत मला म्हणाली, "तें सांगूं नकोस गे. तुझें लग्न ठरायचें अहे." डॉक्टरांना वाटलं असेल, बाई आठवतायत.

आणि इतका वेळ गप्प बसलेल्या अण्णानं मान वर केली. तोही मराठीतच बोलला, मला उद्देशून, अगदी हळू. "सांग गे त्यांना. सुट्टींतले चाळीस दिवस सांग. मला झोंप नव्हती म्हणून सांग. राजांचें पण सांग."

डॉक्टर पुढे झुकले. "काय म्हणतायत ते?"

मी स्वच्छ तमिळमध्ये सांगितलं, "तसं कधीच काही झालं नाही म्हणतोय, सर. पहिल्यापासून तो शांतच आहे."

अण्णाला तमिळ माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. तो तमिळमध्ये गणित शिकवत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. विसरलेला आकडा आठवताना माणूस बघतो तसं. मग त्यानं मान खाली घातली, आणि डॉक्टरांनी लिहायला घेतलं. औदासीन्यावरची गोळी, सकाळी एक. तेव्हा ती नव्यानंच निघाली होती आणि तिचं फार कौतुक होतं.

इथं एक सांगून टाकते. ते दिवस चांगलेच होते, त्यांना आजार का म्हणायचं, असं आई स्वतःची समजूत घालू शकत होती. मला ती पळवाट नव्हती. मी रोज रिपोर्ट टाइप करणारी मुलगी. डॉक्टर उगाच विचारत नाहीत, एवढं मला कळत होतं. त्यांनी ‘मोठ्या माणसानं काम सांगितलंय’ म्हटलं तेव्हा मला अण्णाचे राजे आठवले होते. तरीही मी खोटं बोलले, आणि घरी येताना रिक्षात अण्णाशेजारी बसून पावसाबद्दल बोलले.

पुढे मामा आला तो तोंड पाडून. मुलाकडच्यांच्या कानावर काहीतरी गेलं होतं. मुलीच्या भावाच्या डोक्यात बिघाड आहे म्हणे. मामा म्हणाला, "आतां बाप दाखव नाहींतर श्राद्ध कर, असें अहे." मग मला युक्ती सुचली, आणि सुचली म्हणून मी खूषही झाले. मी म्हटलं, आमच्या सेंटरला अण्णाचा स्कॅन करू. मेंदूचा फोटोच दाखवू त्यांना.

डॉक्टरांनी स्कॅन सांगितला नव्हता. सेंटरच्या साहेबांना मी भावाचं डोकं दुखतं असं सांगितलं. अण्णाला यंत्रात झोपवलं. डोकं हलवू नका, असं सगळ्यांना बजावावं लागतं. त्याला बजावावं लागलं नाही. त्याला हलायचंच नव्हतं. साहेब म्हणाले, असा शहाणा पेशंट बघितला नाही. रिपोर्ट मीच टाइप केला. ‘मेंदूत कुठलाही दोष आढळला नाही.’ तो कागद टाइपरायटरमधून ओढून काढताना मला जो आनंद झाला, त्याची आज सगळ्यात जास्त किळस येते. साहेबांना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, माणूस उदास असला तर ते यात दिसतं का हो. ते म्हणाले, "गाठ दिसते, रक्तस्राव दिसतो. दुःख कुठलं दिसायला?" म्हणजे त्या फिल्मला काही अर्थ नाही हेही मला ठाऊक होतं.

मुलाकडचे आले. कॉफी झाली, केसरी म्हणजे आमच्याकडचा शिरा झाला. मामानं पाकिटातून फिल्म काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. बारा ताडगोळे ओळीनं मांडावेत तसे अण्णाच्या मेंदूचे बारा काप. मुलाच्या वडिलांनी चष्मा लावला आणि तांदळाचा नमुना बघावा तसे ते माझ्या भावाचा मेंदू निरखू लागले. त्यांना काय कळणार होतं? मलाही कळत नव्हतं. "अगदीं स्वच्छ," मामा म्हणाला. "अगदीं स्वच्छ," तेही म्हणाले. ज्याचा मेंदू, तो आतल्या खोलीत भिंतीशी बसून हे सगळं ऐकत होता.

लग्न ठरलं. मुहूर्त बघायला पंचांग हवं, तर मामा म्हणाला, हें वाचायचें कोणीं? मी पुढे झाले. भिंतीवरचं पंचांग काढलं आणि अण्णाच्या शेजारी उभी राहून घडाघडा वाचून दाखवलं. तिथी, वार, नक्षत्र. सासरे खूष झाले. मुलगी मराठी वाचते, असं त्यांनी बंगळूरला सगळ्यांना सांगितलं. तेवढ्यावर माझी सासरी बरीच वर्षं वट राहिली.

गोळी चालू होऊन महिना-दीड महिना झाला आणि अण्णा उठला. आंघोळ करू लागला, जेवू लागला, शाळेत गेला. आईनं पेरुवुडैयार म्हणजे मोठ्या देवळात जाऊन अभिषेक केला. दोन आठवड्यांनी तो पहाटे तीनला उठू लागला. मग झोपेनासाच झाला. शाळेत पोरांना गणित सोडून देवनागरी शिकवायला लागला, आणि हेडमास्तरांनी हटकलं तेव्हा राजीनामा त्यांच्या टेबलावर फेकून आला. माझ्या लग्नाला हजार माणसं येणार आणि त्यांना आपण राजवाड्यात उतरवणार असं तो रस्त्यात कुणालाही धरून सांगे. उन्हाळ्यात होता त्याच्या दुप्पट झाला होता, आणि या वेळी हसत नव्हता. आईवर हात उगारला त्यानं. असा माणूस नव्हता हो तो.

लग्नाला तीन दिवस उरले होते. डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं. पण नेलं असतं तर हॉस्पिटलात ठेवा म्हणाले असते, आणि हॉस्पिटलात म्हणजे गावात बोभाटा. मामाच्या ओळखीचं एक घर पापनाशमला होतं, मागे भाताची कोठी असलेलं. तिथं ठेवूं, तो म्हणाला. आईनं माझ्याकडे बघितलं. "काय करूं गे?"

"चार दिवसांचा तर प्रश्न अहे," मी म्हटलं.

चार दिवस त्या कोठीला बाहेरून कडी होती. मुलाकडच्यांना सांगितलं, अण्णाला शाळेच्या ट्रेनिंगला मदुराईला जावं लागलं. लाजाहोमाच्या वेळी बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालायच्या त्या भावानं. भटजींनी भाऊ कुठे म्हणून विचारलं आणि मामाचा मुलगा पुढे झाला. त्याचे हात घामेजले होते, लाह्या त्याच्या बोटांना चिकटत होत्या. मी खाली मान घालून बसले होते. बायका म्हणाल्या, किती लाजते पोरगी.

आडीत, म्हणजे आषाढात, नव्या नवरीला माहेरी आणतात तशी मी आले. अण्णा पुन्हा भिंतीशी होता. या वेळी इतका खाली की आईनं स्वयंपाकघरातली विळी शेजारच्या घरी नेऊन ठेवली होती. नोकरी गेली होती. मनगटांवर कसलेतरी वण होते. कोठीच्या दाराचे, आई म्हणाली, आणि दुसरीकडे बघू लागली. मी ती रात्र कशीबशी काढली आणि सकाळी एकटीच डॉक्टरांकडे गेले. फिल्मही घेऊन गेले. का नेली, देव जाणे.

मी सगळं सांगितलं. पाट्या, चुना, पोलीस, राजे. डॉक्टर ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मी विचारलं होतं, अम्मा." फिल्म त्यांनी पाकिटातून काढलीसुद्धा नाही. "ही दोन्ही दुखणी यात दिसत नाहीत. खाली असताना माणूस बघूनही मला ओळखता येत नाहीत. फरक असतो तो वरच्या दिवसांत, आणि ते दिवस तुम्ही पाहिले होते, मी नव्हते पाहिले. नुसती ती गोळी मी त्याला दिली नसती." मग त्यांनी दुसरं औषध लिहिलं, लिथियम, आणि मधूनमधून रक्त तपासून घ्यायला सांगितलं. त्या औषधावर अण्णा सावरला. वर्ष गेलं त्यात, पण सावरला. नोकरी परत मिळाली नाही. लग्न तर नाहीच झालं. ज्या गल्लीत माझं झाकलं गेलं, तिथं त्याचं उघडं पडलं होतं. त्यानं घरी शिकवण्या धरल्या आणि आईला शेवटपर्यंत सांभाळलं. मी दर दिवाळीला पुण्याहून चिवडा पाठवत राहिले.

आईला मी यात ओढणार नाही. ती गेली. डॉक्टरांना जे सांगितलं ते मीच, माझ्या तोंडानं.

मुलीचा निरोप घेऊन मी भाद्रपदात तंजावूरला गेले. फोनवर विचारता आलं असतं. जमेना. अण्णा आता साठीचा आहे. हात किंचित थरथरतात, पण खडूची रेघ अजून सरळ येते. सकाळची पोरं गेल्यावर आम्ही दोघं तिन्नैवर बसलो होतो. मी त्याला प्रयोगाचं सगळं सांगितलं, यंत्र, चेहरे, दोन प्रकार. त्यानं मास्तरासारखं लक्षपूर्वक ऐकलं.

"त्या यंत्रांत माणसानें बोलायचें असतें कां?"

"नाहीं रे. नुसतें पडून राहायचें."

"मग मधें दुसरें कोणी बोलत नाहीं?"

"नाहीं."

"बरें," तो म्हणाला. "मग जातों मी."

टोमणा मारला नव्हता त्यानं. त्याला टोमणे मारता येतच नाहीत. मी हातातला कॉफीचा टंबलर खाली ठेवला. मी म्हटलं, "अण्णा, त्या दिवशीं डॉक्टरांना मी खोटें सांगितलें."

"ठाऊक अहे की. मी तेथेंच बसलों होतों."

"मग तूं कां नाहीं बोललास? तुला तमिळ येत नव्हतें कां?" हे मी जवळजवळ ओरडून विचारलं. तीस वर्षं मी त्याच्यावर याच एका गोष्टीसाठी मनातून रागावलेली होते, हे ओरडल्यावर मला कळलं.

समोरच्या घरातल्या बाईनं दारातली रांगोळी पुरी केली आणि ती आत गेली.

"मला वाटलें, तूं म्हणतेस तर तसें कांहीं झालेंच नसेल," तो म्हणाला. "माझ्या डोक्याचा मला तेव्हां भरंवसा नव्हता. तुझा होता." मग थोडा हसला. "एकच कोडें सुटत नव्हतें. तूं लग्नाचा मुहूर्त घडाघडा वाचलास नव्हे, माझ्या शेजारीं उभी राहून? त्या दिवशीं सबंध दिवस मी तोच विचार करत बसलों. ते चाळीस दिवस झालेच नाहींत, तर हिला वाचायला कोणीं शिकवलें?"